आईचे पांढरे हात

माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे मंगळवार मी कॅन्सरच्या हॉस्पिटलात काढले, असं म्हटलं की समोरचा माणूस घाईघाईने विषय बदलतो. मला त्याचा राग येतो. हॉस्पिटलात माणसाने सतत तोंड पाडूनच बसावं असा लोकांचा का आग्रह असतो कोण जाणे. आम्ही मायलेकी तिथे पोटभर हसलोय, भांडलोय, आणि कँटीनच्या सांबारातली शेवग्याची शेंग कोणाच्या वाटीत आली यावरून अबोलाही धरलाय.

दर तीन आठवड्यांनी तो मंगळवार यायचा. मी वाशीच्या ऑफिसात रजा टाकायचे. बोनकोड्याच्या नाक्यावरून रिक्षा. आई सीटच्या मधोमध ऐसपैस बसायची आणि मी कडेला चेंगरून, एक गुडघा जवळजवळ रस्त्यावर. तिच्या मांडीवर डबा. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. "एसीत वास कोंडतो आई, लोक बघतात," मी दर वेळी सांगायचे. "बगूदे. तोंडाला पानी सुटतंय म्हनून बगतान," ती दर वेळी म्हणायची. आणि खरंच, ड्रिपच्या खोलीतले निम्मे पेशंट त्या डब्यावर डोळा ठेवून असायचे. ज्यांना इतर वेळी अन्न समोर नको व्हायचं, तेही तिच्याकडे अर्धी भाकरी मागून घ्यायचे.

ड्रिपची खुर्ची मागे पसरायची आणि पाय आपोआप वर यायचे. आई त्या खुर्चीच्या प्रेमात होती. एवढी वर्षं रांधलं, धुतलं, पण पाय वर करून बसायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि इथे तर नर्सच दटावून बसवते याचं तिला फार कौतुक. खिडकीतून खाडीकडची खारफुटी दिसायची. हाताला सुई, वर टांगलेली बाटली, आणि आई मला खाली कुठल्या चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, सापडतील आणि कुठे नुसतेच पाय रुततील ते समजावून सांगतेय. मी होय होय करायचे. मला चिंबोरी फक्त ताटातली ओळखता येते.

आई खाडीपलीकडच्या मोरा बंदराच्या बाजूची. जेटीपासून थोडं आत तिचं माहेर. लहानपण सगळं भरती-ओहोटीच्या हिशेबाने गेलेलं, अनवाणी, चिखलात. कालवाच्या शिंपल्याची धार पायाला लागली, रक्त आलं, हळद दाबली, झालं. त्यामुळे पुढे खूप वर्षांनी, लग्न होऊन बोनकोड्यात मुरल्यावर, तिच्या टाचेवर एक काळा डाग आला तेव्हा तिने त्याला जुन्या कालवाची कच ठरवून टाकलं. आत राहिलेली कच वर येतेय, येईल तेव्हा निघेल. डाग पसरला, तर कच मोठी असेल. आमच्या घरात बायकांच्या तळव्यांकडे बघायची रीत नाही. तो डाग फुटून चादरीला रक्त लागायला लागलं, तेव्हा कुठे तो बाकीच्यांना कळला.

मेलानोमा हे नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या लोकांना उन्हाने होतो म्हणे, पण आपल्याकडे व्हायचा झाला तर असा तळव्याला, नखाखाली, जिथे कोणी बघत नाही तिथे होतो. टाचेचं ऑपरेशन झालं. मग जांघेतल्या गाठी काढल्या. आणि वर्षभराने फुप्फुसात डाग दिसले. तेव्हा आमच्या डॉक्टर बाईंनी ट्रायलचं विचारलं.

या डॉक्टर बाई माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या, सोलापूरकडच्या. बोलणं स्वच्छ आणि सावकाश. त्यांनी कागद बाजूला ठेवून आईला समजावलं. "मावशी, आपल्या शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात. हा आजार त्यांना बांधून ठेवतो. हे औषध त्यांना मोकळं करतं. आजाराला मारायचं काम तुमचं शरीरच करणार."

आईने थोडा विचार केला. "म्हंजे कुत्र्याची साखली सोरायची."

"अगदी तसंच."

"मंग तो घरातल्यांना पन चावल."

डॉक्टर बाई माझ्याकडे बघून हसल्या. जे त्यांना पुढची पंधरा मिनिटं सांगायचं होतं ते आईने एका वाक्यात संपवलं होतं. कुत्रा आतड्याला चावू शकतो, थायरॉइडला चावू शकतो, लिव्हरला चावू शकतो. म्हणून काहीही वेगळं वाटलं, खाज, जुलाब, दम, की लगेच सांगायचं, आणि आम्हाला न विचारता दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही. मग त्यांनी ट्रायल म्हणजे काय ते सांगितलं. एक औषध सगळ्यांनाच मिळणार, ते आता नीट माहीत झालेलं आहे. त्याच्या जोडीला आणखी एक नवीन औषध मात्र निम्म्यांनाच. बाकीच्या निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बाटलीतून साधं सलाइन. कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार, आणि ते पेशंटलाही कळणार नाही, डॉक्टरलाही नाही.

"कौल लावायचा तर मंग," आई म्हणाली, आणि सह्या करून मोकळी झाली. त्या दुसऱ्या बाटलीत औषध होतं की पाणी ते आम्हाला कधीच कळलं नाही. आईचा मात्र ठाम विश्वास की तिला औषधच मिळतंय. पाण्यासाठी एवढ्या लांब रिक्षाने बोलावतील का, हा तिचा युक्तिवाद.

आता आईचं दुसरं काम सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत भटजी असतो, पण त्याच्याआधी धवलारीण असते. मांडव पडल्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिने म्हणायचा. एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलवायचं, गावदेवीपासून वेशीवरच्या देवापर्यंत, एकही विसरायचा नाही. तांदळाच्या पिठाचा चौक तिने घालायचा, आणि आमच्या गावात नवरीला पहिली हळद लागायची ती तिच्या हाताने. हे काम तिला तिच्या मावशीकडून आलं होतं. कुठे लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडात. आमच्या गावाभोवती कोपरखैरण्यात टॉवर उठले, शेतं गेली, लोकांनी बंगले बांधले, डीजे आले, पण डीजे बंद करून आधी धवला म्हणवून घेण्याइतका मान तिला होता. मी लहान असताना तिच्या पदराला धरून किती मांडवांत झोपले असेन. अजून कुठे ओल्या हळदीचा वास आला की मला पेंग येते.

ड्रिप सुरू झाल्यावर सहा-एक महिने सगळं झकास चाललं. स्कॅनमधले डाग लहान झाले. आईचा खोकला थांबला. त्या दिवसांत मी तिच्यावर मनापासून खूश होते आणि ती माझ्यावर चिडलेली, कारण बाबांनी आणलेली दोन स्थळं मी लागोपाठ नाकारली होती. बाबा एपीएमसीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर कामाला, पहाटे जायचे ते दुपारी यायचे. त्यांना या सगळ्यात एकच कळायचं, की बायको जेवतेय का. जेवतेय म्हटलं की ते निवांत.

मग आईला मेंदीचं वेड लागलं. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. सुंदर नक्षी वगैरे नाही, नुसता लेप थापलेला. ब्लाउजच्या बाह्याही लांब झाल्या. "मावशी, दर वेळी मेंदी? कोणाचं लग्न?" डॉक्टर बाईंनी हसत विचारलं. "आमच्यात सीजन हाय," आई म्हणाली. सीझन होताच, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बाई नटतेय म्हणजे बरी होतेय, असंच मी समजले.

नटत नव्हती ती. तिच्या हातांवर पांढरे डाग आले होते. आधी बोटांच्या पेरांवर, मग मनगटावर, मग कोपराला. आमच्याकडे त्याला कोड म्हणतात आणि ते आवाज खाली करून म्हणतात. ज्या घरात कोड आहे त्या घरात मुलगी देताना लोक दहादा विचार करतात. ते अंगाला लागत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही, हे शाळेत सगळे शिकतात आणि मांडवात सगळे विसरतात. त्या हाताने नवरीला हळद कोण लावून घेणार? आईला हे मला सांगायची गरजच वाटली नाही. तिने ते फक्त आत्याला दाखवलं.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्या शेजारच्याच घरात राहायची. तिचा आवाज गल्लीच्या या टोकाला लागला की त्या टोकाची भांडणं थांबायची. आईवर तिचा जीव होता. आत्याने डाग बघितले, हॉस्पिटलला दोन शिव्या दिल्या, आणि लगेच कामाला लागली. मसाला मार्केटातून ओळखीने बावचीच्या बिया मागवल्या. बावची हे कोडावरचं जुनं औषध, आमच्या भागात सगळ्यांना माहीत. आत्याने त्याचं तेल केलं, चूर्ण केलं, आणि रोज सकाळी काढा करून भिंतीवरून पेला द्यायला सुरुवात केली. आई तो मुकाट्याने पीत होती.

पुढच्या मंगळवारी रक्ताचे रिपोर्ट आले आणि ड्रिप थांबली. लिव्हरचे आकडे भलतेच वर गेले होते. डॉक्टर बाईंनी विचारलं, "मावशी, बाहेरचं काही घेतलंत? काढा, जडीबुटी, कोणी दिलेल्या गोळ्या?" आई म्हणाली, "नाय." सरळ डोळ्यांत बघून म्हणाली. मीही शेजारून म्हणाले, "नाही हो, काही नाही," कारण मला तसंच माहीत होतं.

तिला भरती करून घेतलं. डॉक्टर बाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की बहुतेक औषधामुळेच लिव्हरला सूज आलीय. दुसरं कारण सापडलं नाही, तर उद्यापासून स्टिरॉइड सुरू करावं लागेल, आणि एवढी सूज असेल तर हे औषध परत देता येणार नाही. ट्रायलमधून बाहेर. "आणि मग?" मी विचारलं. "मग आपण दुसरं बघू," त्या म्हणाल्या. मी ऑफिसात रोज लोकांना 'दुसरं बघू' म्हणते. त्याचा अर्थ मला चांगला कळतो.

त्याच संध्याकाळी आत्या भेटायला आली. नऊवारीत, हातात पिशवी, पिशवीत थर्मास. आईच्या पलंगावर बसली, नर्सला म्हणाली, "पेला दे गो बाय." आई डोळ्यांनी नको नको करत होती, पण आत्याला डोळ्यांची भाषा कधी कळली नाही. तेवढ्यात डॉक्टर बाई राउंडला आल्या.

"डॉक्टरीनबाय, तुमचा औषद चालू ठेवा, माजी काय तक्रार नाय," आत्या मोठ्या मनाने म्हणाली. "तुमचे औषदानी तिला कोड झाला, तो मी घालवतंय. तुमचा पन चालू, माजा पन चालू."

"कोणतं कोड?" डॉक्टर बाईंनी विचारलं. "आणि थर्मासमध्ये काय आहे?"

मी खोटं नाही सांगणार, त्या क्षणी मला आत्याचा गळा धरावासा वाटला आणि तिला मिठीही मारावीशी वाटली. ती पिशवी घेऊन आली नसती, तर दुसऱ्या दिवशी सगळंच संपलं असतं. आत्या मात्र अभिमानाने बावचीचा काढा कसा करतात ते सांगत बसली. डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि आईचा हात हातात घेऊन ओल्या कापसाने पुसायला लागल्या. मेंदी काही निघाली नाही, पण बोटांच्या मध्ये आणि बाहीच्या आत, मेंदी पोचली नव्हती तिथे, डाग दिसले. आईने मान फिरवली होती.

"मावशी, हे मला आधी का नाही दाखवलंत? मला आनंद झाला असता."

आईला वाटलं थट्टा करतायत. पण डॉक्टर बाईंनी आमच्याच कुत्र्याची गोष्ट पुढे नेली. कुत्रा मोकळा सुटला तो रंगाच्या पेशींमागे लागला. तुमचा आजारही त्याच जातीच्या पेशींचा. आजाराच्या मागे धावताना त्याने हातावरच्या बिचाऱ्या साध्या पेशीही पकडल्या. सगळ्यांनाच असं होत नाही, आणि झालं म्हणजे आजार गेलाच असंही नाही. पण ज्यांना हे औषध लागू पडतं, त्यांच्यात असे डाग जास्त दिसतात. "आम्ही हे डाग शोधत असतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही लपवत होतात."

"जातील?" आईने विचारलं.

"बहुतेक नाही. वाढतीलही."

बावची बंद झाली. आकडे हळूहळू खाली येऊ लागले. सूज काढ्याची होती हे डॉक्टर बाईंनी ट्रायलच्या लोकांना पटवून दिलं, आणि लिव्हर पूर्ण ताळ्यावर आलं की ड्रिप परत सुरू करायला परवानगी मिळाली. आत्याने थर्मास धुऊन ठेवला आणि आठवडाभर कोणाशी बोलली नाही. आमच्या गल्लीने इतकी शांतता पूर्वी अनुभवली नव्हती.

पण आता आईच नको म्हणायला लागली.

"मना ती बाटली नको," ती म्हणाली. "काला डाग पायाखाली होता, कोनाला दिसला नाय. यो हातावर हाय."

"अगं, तो काळा जीव घेत होता तुझा."

"घेऊदे. मांडवातून तर उठवत नव्हता."

मी खूप बोलले. रागाने बोलले, रडून बोलले. जगात शिकलेल्या माणसांनी जे जे बोलायचं असतं ते सगळं बोलले. तिने ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडत राहिली. बाबांनी एकदाच विचारलं, "जेवतेय ना?" या वेळी मी त्यांना उत्तर दिलं नाही. आई मरायला तयार होती, पण चार बायकांनी तिच्या हाताकडे बघून पदर सावरायला तयार नव्हती. मला ते कळत होतं, हेच वाईट होतं. मीही त्याच गल्लीत वाढले होते.

बातमी पसरायची ती पसरलीच. मागच्या आळीत लग्न निघालं. ते लोक आमच्याकडे पत्रिका घेऊन आले, चहा प्याले, आईची तब्येत विचारली, अगत्याने या म्हणाले. धवल्याचं कोणी काढलं नाही. नंतर कळलं की दुसऱ्या गावाहून एक धवलारीण बोलावलीय. त्या लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी ओटीवर बसलो होतो. मागच्या आळीतला माइक सुरू झाला आणि त्या बाईचा आवाज गल्लीभर घुमला.

आई शेंगा सोलत होती. पहिल्या गाण्याला तिने मान हलवली, म्हणजे ठीक आहे. दुसऱ्याला हात थांबला. देवांना आमंत्रणं सुरू झाली आणि आईच्या कपाळावर आठी आली.

"येशीवरचा देव सोरला तिनी," ती म्हणाली.

माइकवरून पुढच्या देवाचं नाव आलं.

"आता पान्याची देवी पन सोरली. थेट घानाच भरते ही बाय. बस गाठायचीय काय हिला?"

मला हसू आवरेना. आई मात्र खरोखर संतापली होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते रागाने की दुसऱ्या कशाने, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती त्या माइकच्या दिशेने बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"तुजे लग्नान हीच येल," ती म्हणाली. "मी मेलू तर दुसरी कोन हाय? हीच येल. देव सोरून सोरून गाईल आनि तुमी सगली माना हलवाल."

शेंगांची सुपली तिने बाजूला सारली. "मंगलवारची रजा टाक," ती म्हणाली.

एवढ्यावर तो प्रश्न मिटला. माझ्या शिक्षणाने, रडण्याने, डॉक्टर बाईंच्या समजावण्याने जे झालं नव्हतं, ते त्या अर्धवट धवलारणीने करून दाखवलं. मी तिची जन्मभराची ऋणी आहे आणि तिला ते माहीत नाही.

मग आमचे मंगळवार परत सुरू झाले, आणि हेच ते मंगळवार जे मला आठवतात. मेंदी बंद. बाह्या परत आखूड. डाग कोपराच्या वर चढले, एक भुवई पांढरी झाली, आणि दर वेळी नवा डाग दिसला की आई तो डॉक्टर बाईंना आपण होऊन दाखवायची, भाजीवालीला ताजी मेथी दाखवावी तसा. "यो बगा, नवीन." ड्रिपच्या खोलीत तिने धवले म्हणायला सुरुवात केली. हळू, पुटपुटल्यासारखे. गावात तिला कोणी बोलवत नव्हतं, आणि न म्हणता गाणी विसरतात ही तिला भीती. शेजारच्या खुर्चीवर पनवेलकडचे एक कोकणी मुसलमान काका असायचे, त्यांचाही आजार तोच. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "बाय, आमच्या हळदीत पन जवळपास असाच गातत." मग दोघं त्यांच्या नि आपल्या लग्नांतलं काय काय सारखं, ते जुळवत बसायची. औषध थेंबथेंब पडत असायचं. मला ऑफिस नको, घर नको, लग्न नको, हेच चालू राहू दे असं वाटायचं.

दोन वर्षांनी ट्रायलचं औषध संपलं. स्कॅन स्वच्छ होता. तीन-तीन महिन्यांनी फक्त तपासणी. त्याच सुमारास मी माझ्या ऑफिसातला एक साताऱ्याकडचा मुलगा पसंत केला. त्याच्या आईने पहिल्या भेटीत आईचे हात बघितले, विचारलं, आणि आईने न लाजता सांगितलं, "औषद लागलं त्याची खून हाय." त्या बाईंनी तो हात धरला आणि चहा आवडल्याचं सांगितलं. सासूबद्दल माझ्या अनेक तक्रारी आहेत, पण त्या एका गोष्टीसाठी मी सगळ्या पोटात घालते.

लग्नाला दोन महिने असताना आईच्या हातांवर रंग परत यायला लागला. पांढऱ्यात तपकिरी ठिपके. आधी केसांच्या मुळाशी, मग ठिपके एकमेकांना जाऊन मिळायला लागले. आत्याने ते पहिल्यांदा बघितलं आणि तिचा आवाज परत आला. गल्लीभर सांगत सुटली. बायका येऊन बघून गेल्या. कोणी ओटी भरली, कोणी पेढे आणले. त्याच आठवड्यात दोन घरांतून धवल्याचं बोलावणं आलं. आईने दोघांनाही हो म्हटलं, हसून म्हटलं, आणि ती माणसं गेल्यावर माझ्याकडे बघितलं. "कुत्रा दमला काय गो?"

"रंग आला म्हणजे आजार आलाच असं नसतं," डॉक्टर बाई म्हणाल्या. त्या खरंच बोलत होत्या. पण स्कॅन करायला त्यांनी तीन महिन्यांची वाट बघितली नाही.

रिपोर्ट माझ्या हळदीच्या आठवडाभर आधी आला. लिव्हरमध्ये, आणि पाठीच्या कण्यात. मी लग्न पुढे ढकलायचं म्हणाले. आईने मला रिक्षात बसवलं, पहिल्यांदाच मला मधोमध बसू दिलं, आणि म्हणाली की लग्न उरकेपर्यंत हे कोणालाही सांगायचं नाही. बाबांनाही नाही, आत्याला तर नाहीच. मग दोघी मिळून सांगू.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडव भरला होता. आई चौकाशेजारी बसली आणि तिने एकही देव सोडला नाही. वेशीवरच्या देवाला तर तिने दोनदा बोलावलं. आवाज कुठे फाटला नाही. मग ती उठली आणि पहिली हळद माझ्या गालाला लावली. आत्याने तिचे हात धरून सगळ्या बायकांना दाखवले. "बगा गो, माजे भावजयचे हात. डाग रायला काय? गावदेवी पावली." बायका एकेक करून पुढे आल्या, त्या हातांवरून हात फिरवून स्वतःच्या कपाळाला लावत गेल्या. आई सगळ्यांना हाव हाव म्हणत होकाराची मान हलवत होती. मी पाटावर बसून रडत होते, आणि नवरी रडतेच म्हणून कोणी विचारलं नाही. त्या भरल्या मांडवात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं, की आठवडाभर आम्ही त्याच गावदेवीला ते डाग परत दे म्हणून विनवत होतो.